प्लग, कॅप आणि मोठी वायर : गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ माझं गॅरेज आहे. येणारे बहुतेक जण टॉवेलच्या कारखान्यात पाळी करणारे, रिक्षा चालवणारे, नाहीतर सांगोला-मोहोळकडून फवारणीचा पंप गोणीत घालून आणणारे. गाडी अडली की त्यांची हजेरी बुडते, म्हणून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "नवीन प्लग टाकू का?" टाका, पण आधी जुना स्पार्क प्लग तपासा. जुना प्लग इंजिनाच्या पोटातली बातमी घेऊन बाहेर येतो. ती न वाचताच तो कचऱ्यात गेला की मला खरंच वाईट वाटतं, कारण महिन्याभरात तीच गाडी तेच दुखणं घेऊन परत येते. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथं सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथं त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मिस्त्री "करंट येत नाही" म्हणतात, तो करंट येतो कुठून आणि जातो कुठं?

बॅटरीतून किंवा मॅग्नेटोतून (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) वीज निघते, सीडीआयकडे (ठिणगीची वेळ साधणारा डबा) किंवा ईसीयूकडे (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाते आणि तिथून इग्निशन कॉइलमध्ये. कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात. एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा. दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. पहिल्यातला प्रवाह झटक्यात बदलला की दुसऱ्यात १० ते ३० हजार व्होल्टपर्यंतचा दाब तयार होतो. तो जाड रबरी आवरणाच्या वायरीतून कॅपमध्ये (प्लगच्या डोक्यावर बसणारी टोपी) आणि कॅपमधून प्लगच्या मधल्या दांडीत येतो. आम्ही त्या वायरीला मोठी वायर म्हणतो, कुणी एचटी वायर म्हणतं. दांडीच्या टोकाशी मोकळी फट असते. ती ओलांडताना जी ठिणगी पडते, तिच्यावर पेट्रोल पेटतं.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. विसरली जाते ती परतीची वाट. ठिणगी पडल्यावर वीज प्लगच्या आट्यांतून हेडमध्ये (सिलिंडरवरचं झाकण), हेडमधून चेसिसमध्ये आणि तिथून परत कॉइलला जाते. शिकाऊ असताना एका गाडीचा प्लग, कॅप, कॉइल, सीडीआय असं सगळं मी बदललं होतं. शेवटी दोष निघाला कॉइलच्या अर्थच्या बोल्टखाली : चेसिस नव्यानं रंगवली होती आणि बोल्ट त्या रंगावरच आवळला होता. पॉलिश पेपरनं रंग खरवडला आणि गाडी पहिल्या किकला चालू झाली. मालकाचे पैसे मात्र तोवर खर्च झाले होते.

२. गाडी चालू होईना झालीय. प्लगला हात लावायच्या आधी काय बघू?

किल स्विच. लहान पोरं उभ्या गाडीवर बसून खेळतात आणि लाल बटण दाबून जातात. मग पेट्रोल आणि कॉक, मग फ्यूज, मग साइड स्टँडचा स्विच असेल तर तो. त्यानंतर बॅटरी. जुन्या बऱ्याच गाड्यांत सीडीआयला वीज थेट मॅग्नेटोतून मिळते, तिथं बॅटरी मेली तरी किकवर चालू होते. बॅटरीवर चालणारा सीडीआय असेल किंवा गाडी फ्युएल इंजेक्शनची असेल, तर बॅटरी पार उतरल्यावर किक मारून पाय दुखतील, ठिणगी पडणार नाही.

३. प्लग काढताना काय सांभाळायचं?

इंजिन गार होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचं अंग पोलादाचं असतं. गरम असताना जोर लावला तर हेडमधले आटे सोलून प्लगबरोबर बाहेर येतात.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या धुळीची. प्लगभोवतीच्या खड्ड्यात माती, वाळू, कधी कारखान्यातली रुई साठलेली असते. सायकलच्या पंपानं ती आधी उडवा, नाहीतर प्लग निघताच सगळी सिलिंडरमध्ये पडते आणि रिंगा घासते. कॅप काढताना कॅपलाच धरा, थोडी फिरवा आणि मग ओढा. वायर ओढली की ती आतून तुटते. प्लग पाना सरळ बसवा. तिरक्या पान्यानं प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला बारीक तडा जातो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण ठिणगी बरोबर तिथूनच पळते.

४. घरच्या घरी ठिणगी कशी तपासायची?

एक चांगला चालणारा जादा प्लग जवळ ठेवा. इंजिनातला प्लग आधी काढू नका, तो जागेवरच राहू द्या. का, ते सांगतो : प्लग काढून किक मारली की भोकातून पेट्रोलची वाफ उडते, आणि शेजारीच तुम्ही ठिणगी पाडत असता. असा भडका मी डोळ्यांनी पाहिला आहे.

कॅप काढून तिच्यात जादा प्लग घाला. त्याचं लोखंडी अंग हेडच्या उघड्या, रंग नसलेल्या भागाला घट्ट टेकवा. जंपर वायर किंवा तांब्याच्या तारेनं बांधलं तर उत्तम, कारण टेकण हललं की ठिणगी नसल्यासारखं वाटतं. प्लग हातात धरू नका. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी या कामाच्या जवळही थांबू नये. गाडी सावलीत घ्या. सोलापूरच्या उन्हात चांगली ठिणगीसुद्धा दिसत नाही. चावी चालू करून किक मारा.

निळसर पांढरी, जाडसर, "चट् चट्" आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, नारिंगी, बारीक आणि मध्येच चुकणारी असेल तर कमजोर. जादा प्लगवर ठिणगी चांगली पडली की मग इंजिनातला प्लग काढा, पेट्रोलची वाफ जाऊ द्या, भोकावर फडकं ठेवा आणि तो प्लग भोकापासून लांब टेकवून तसाच तपासा. त्यावर नसेल तर दोष प्लगचा. जादा प्लगवरच नसेल तर प्रश्न ९ कडे जा.

कॅप मोकळी लटकत ठेवून किक किंवा सेल्फ कधीच मारू नका. विजेला जायला वाट मिळाली नाही की ती कॉइलचं आतलं आवरण फोडून वाट काढते, आणि चांगली कॉइल हकनाक जाते.

५. बाहेर ठिणगी मस्त पडतेय, तरी गाडी चालू होत नाही. असं कसं?

उघड्या हवेत फट ओलांडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं गेल्यावर तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. कमजोर कॉइल बाहेर ठिणगी दाखवते आणि आत मान टाकते. म्हणून दुकानात मिळणाऱ्या स्पार्क टेस्टरवर साधारण ६ मिलिमीटरची मोठी फट असते. ती ओलांडणारी ठिणगी आतही पडते, असं धरून चालायला हरकत नाही. साध्या प्लगवरची ठिणगी दिसली म्हणून कॉइलला निर्दोष म्हणू नका.

टेस्टरवरही ठिणगी जोरदार असेल तर इंजिनातून काढलेल्या प्लगकडे बघा. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. ओला असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय : चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, आठ-दहा किका, प्लग पुसून वाळवून परत बसवा. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच चारचाक्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की ईसीयू पेट्रोल थांबवतो आणि आतलं उडून जातं. एवढं करूनही चालू झाली नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघावं लागतं. ते गॅरेजचं काम.

६. प्लगच्या रंगावरून काय कळतं?

खूप काही, पण प्लग योग्य वेळी काढला असेल तरच. सात रस्त्याच्या गर्दीत अर्धा तास रखडत चालवलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. विजापूर रोडला किंवा होटगी रोडला सात-आठ किलोमीटर नेहमीच्या वेगानं चालवा, क्लच दाबून किल स्विचनं इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या, गार होऊ द्या आणि मग काढा.

मधली चिनीमाती फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिनाची तब्येत चांगली आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ती जवळजवळ पांढरटही दिसते, घाबरू नका.

कोरडी, काजळीसारखी, बोटाला लागणारी काळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबलाय, चोकची केबल अडकलीय, कार्ब्युरेटरची पातळी चुकलीय, यांपैकी काहीतरी. ठिणगी कमजोर असली तरीही अशीच काजळी धरते, म्हणून कार्ब्युरेटर उघडायच्या आधी प्रश्न ४ ची तपासणी उरका.

काळी पण ओलसर, चकचकीत असेल तर ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील. पेट्रोलचा ओलावा आणि ऑइलचा ओलावा यांत गोंधळ होतो. कागदावर टिपून घ्या. पेट्रोल उडून जातं, ऑइलचा डाग राहतो.

पांढरीफटक, फोड आल्यासारखी, वर बारीक ठिपके आणि दांडी झिजलेली असेल तर गाडी थांबवा. मिश्रण फार पातळ आहे, कुठंतरी हवा ओढतेय, टायमिंग पुढे आहे किंवा प्लगच चुकीचा आहे (प्रश्न १५). या अवस्थेत लांबचा पल्ला मारला तर पिस्टनला भोक पडू शकतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना एक गोष्ट लागू होते : इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिसळलेल्या पेट्रोलवर त्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) मिश्रण थोडं पातळ होतं. काठावर चालणारी गाडी त्यानं पांढऱ्याकडे झुकते.

७. गॅप, म्हणजे प्लगची फट, किती ठेवायची आणि कशानं मोजायची?

गाडीच्या पुस्तकात जेवढी दिली आहे तेवढी. मोटारसायकलींना बहुधा ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते, चारचाकींना ०.८ ते १.१ च्या आसपास. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) स्वस्त मिळतो, एक घेऊन ठेवा. अडचणीच्या वेळी जुने मिस्त्री हॅक्सॉ ब्लेड वापरतात. हातानं चालवायच्या ब्लेडची पात साधारण ०.६५ मिलिमीटर जाडीची असते.

वाकवायची ती फक्त बाहेरची दांडी. मधल्या दांडीवर टेकू देऊन पक्कडीनं ओढलं की चिनीमाती तडकते. गॅप जास्त झाली तर चढावर आणि पिकअप घेताना मिसिंग (ठिणगी चुकून बसणारे धक्के) जाणवतं, फार कमी झाली तर इंजिन जागेवर नीट टिकत नाही. इरिडियम प्लगची गॅप हलवायच्या भानगडीत पडू नका, मधलं टोक सुईसारखं नाजूक असतं.

८. जुना प्लग घासून परत टाकला तर चालतो का?

घरी पोचण्यापुरता, हो. पेट्रोलमध्ये भिजवून मऊ पितळी ब्रशनं पुसा आणि पूर्ण वाळवा. लोखंडी ब्रश नको, कारण त्याचे बारीक धातूचे ओरखडे चिनीमातीवर राहतात आणि वीज त्यांवरून घसरत अंगाला जाते. वाळूच्या मशीनवर साफ केलेल्या प्लगच्या खाचेत वाळूचे कण अडकून राहतात, पुढे ते सिलिंडरमध्ये पडतात.

गॅसच्या शेगडीवर प्लग लाल करणारे पुष्कळ आहेत. काजळी जळते हे खरं, पण चिनीमाती आणि लोखंड वेगवेगळ्या मानानं फुगतात आणि आतला सीलबंद जोड सैल होतो. कृपा करून हे करू नका. आणि मधल्या दांडीच्या कडा गोल झाल्या असतील तर कितीही घासा, उपयोग नाही. वीज धारदार कडेवरून सहज उडते, गोल कडेवरून उडायला जास्त व्होल्ट लागतात. शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या वस्तूसाठी कॉइलवर ताण कशाला द्यायचा?

९. मीटरनं प्लग, कॅप आणि वायर कशी तपासायची?

साधं डिजिटल मल्टिमीटर पुरतं. ओहमवर, २० हजारांच्या पट्टीवर लावा. तपासायची वस्तू गाडीपासून सुटी करूनच मोजा.

प्लगपासून सुरू करा. वरचं टोक आणि मधली दांडी यांत रेझिस्टर प्लग (आत विजेला अडथळा बसवलेला) असेल तर साधारण ५ हजार ओहम दिसतात. ३ ते साडेसात हजारांपर्यंत चालतं. रेझिस्टर नसलेल्या प्लगमध्ये जवळजवळ शून्य. काहीच आकडा आला नाही तर प्लग आतून तुटला आहे. मग मीटर सर्वांत वरच्या पट्टीवर नेऊन मधली दांडी आणि लोखंडी अंग यांत मोजा. इथं काहीही दिसता कामा नये. आकडा आला तर काजळीनं वाट तयार केली आहे, यालाच आपण "प्लग शॉर्ट झाला" म्हणतो.

कॅप बहुतेक मोटारसायकलींत वायरीवर स्क्रूसारखी बसलेली असते. उलटी फिरवली की निघते. तिच्यातही बहुधा ५ हजारांचा रेझिस्टर असतो. वायरीचं टोक हिरवट किंवा काळं पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप परत फिरवून बसवा. माझ्याकडे येणाऱ्या मिसिंगच्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच बऱ्या होतात, आणि याचा खर्च शून्य आहे.

मोटारसायकलच्या वायरीत धातूची तार असते, तिथं जवळजवळ शून्य यायला हवं. चारचाकीच्या वायरीत बहुधा कार्बनचा गाभा असतो. लांबीप्रमाणे काही हजार ओहम दिसतात. एकच आकडा धरून बसण्यापेक्षा सगळ्या वायरी एकमेकींशी ताडून बघा. लांब वायरीला जास्त, आखूडीला कमी हे बरोबर. आखूड असून सगळ्यांत जास्त दाखवणारी किंवा (मीटर वरच्या पट्टीवर नेऊन) २५ हजारांच्या वर गेलेली वायर काढा, आणि एक गेली तर संच बदला. बाकीच्याही तेवढ्याच वयाच्या असतात. मोजताना वायर वाकवा, हलवा. आकडा नाचला तर ती आतून तुटली आहे.

कॉइलच्या जाड वेढ्यात काही ओहम किंवा त्याहून कमी, बारीक वेढ्यात काही हजार ओहम येतात. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पुस्तकाशी पडताळा.

१०. मीटर सगळं बरोबर दाखवतंय, पण गाडी धुतली की किंवा पाऊस पडला की मिसिंग मारायलीय.

मीटर काही व्होल्टवर मोजतं, गाडी वीस हजारांवर चालते. वायरीच्या रबराला पडलेली चीर मीटरला दिसतच नाही, कारण ते आतल्या तारेची वाट मोजतं. चिरेतून चेसिसकडे पळणारी वीज ते पाहत नाही. ओलावा मिळाला की ही पळवाट आणखी सोपी होते.

रात्री अंधारात गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलवर चालू ठेवा आणि वायर, कॅप, कॉइलवर स्प्रेनं पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा. जिथून वीज गळते तिथं निळ्या रेघा नाचताना दिसतील, कधी "टिक टिक" ऐकू येईल. पेट्रोल गळत असेल तर ही चाचणी करायचीच नाही. इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा तात्पुरता उपाय आहे, तो वीस हजार व्होल्ट फार दिवस अडवत नाही. कॅपचं रबर कडक झालं असेल तर तीही बदला. उभ्या चारचाकीत उंदीरही वायरी कुरतडतात, बॉनेट उघडून बघा.

११. सकाळी एका किकला चालू होते, दुपारी गरम झाली की बंद पडायलीय. अर्ध्या तासानं परत चालू.

कॉइलचा हा नेहमीचा आजार आहे. बारीक तारेचा कुठंतरी तुटलेला जोड गार असताना टेकलेला असतो, गरम झाल्यावर सुटतो. गॅरेजला आणेपर्यंत ती गार होते, मीटर बरोबर दाखवतं आणि मिस्त्री "काही नाही" म्हणतो. म्हणून बंद पडल्या पडल्या, जागेवरच, जादा प्लगनं ठिणगी बघा. प्लग नेहमी डिकीत ठेवा. ठिणगी नसेल तर कॉइल, सीडीआय किंवा मॅग्नेटोतली पिकअप कॉइल (सीडीआयला ठिणगीची वेळ कळवणारी).

ठिणगी असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" आवाज आला आणि नंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय. दोष विजेचा नव्हताच.

१२. रिक्षा पेट्रोलवर चांगली पळते, सीएनजीवर टाकली की धक्के मारते. गॅसच्या किटमध्ये बिघाड आहे का?

किट उघडायच्या आधी प्लग आणि वायर बघा. गॅस आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे झिजलेला प्लग, चिरलेली वायर, थकलेली कॉइल यांचं दुखणं आधी गॅसवर बाहेर पडतं, पेट्रोलवर ते झाकलेलं राहतं. गॅसवर गॅप थोडी कमी ठेवायला सांगितलेली असते. गाडीच्या किंवा किटच्या पुस्तकातला आकडा घ्या. प्लगही पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर तपासत चला.

१३. पल्सरला दोन प्लग आहेत. एक गेला तरी कळतं का?

पटकन कळत नाही, हीच अडचण. बजाजनं २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय दिलं तेव्हापासून त्या इंजिनांत दोन प्लग आले. २००एनएसला तर तीन आहेत. एक मेला तरी गाडी चालते, फक्त पिकअप मंदावतो, ॲव्हरेज उतरतो, गाडी गरम होते. लोक महिनोन्महिने कार्ब्युरेटर दाखवत फिरतात. दोन्ही बाजू प्रश्न ४ प्रमाणे वेगवेगळ्या तपासा. एका कॅपमध्ये जादा प्लग अर्थ करून ठेवला आणि गाडी बंदच पडली, तर इंजिनात राहिलेला दुसरा प्लग आधीच मेला होता.

१४. चारचाकीत कुठला सिलिंडर चुकतोय ते कसं ओळखू?

अदलाबदल करून. चेक इंजिनचा दिवा असेल तर स्कॅनरवर पी०३०१, पी०३०२ असे कोड येतात, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे कुठलाही एक ठरलेला नाही. समजा पहिला चुकतोय आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर टाका, कोड पुसा, गाडी फिरवा. पी०३०२ आला तर कॉइल गेली. पी०३०१ च राहिला तर प्लगची अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

काही गाड्यांत दोन वायरींची एक कॉइल असते : पहिला-चौथा एक जोडी, दुसरा-तिसरा दुसरी. पहिला आणि चौथा एकाच वेळी चुकत असतील तर वायरींवर पैसे घालू नका, कॉइल बघा.

जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (एका कॉइलची वीज सगळ्या प्लगांना वाटणारा भाग) गाडीत वायरी काढताना एकेक करून बदला किंवा आधी चिकटपट्टीवर नंबर लिहा. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचा क्रम १-३-४-२ असतो. चुकला की सायलेन्सरमधून फटाके. दिवा लुकलुकत असताना मात्र गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळतो.

१५. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. "थंड" प्लग टाकला तर बरं का? आणि प्लगवरच्या नंबराचा अर्थ काय?

नको. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याखाली काजळी जळत नाही, फार वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. बाहेरचे दहा-पंधरा अंश या हिशेबात किरकोळ आहेत. उन्हाळ्यात इंजिन तापत असेल तर फिनांमधला चिखल काढा, ऑइल बघा, मिश्रण बघा.

नंबराबाबत एक सापळा आहे. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशचा आकडा वाढला की गरम होतो. (जुने मिस्त्री बॉशला अजून मायकोच म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं.) एका कंपनीचा आकडा बघून दुसरीचा तोच आकडा घेतला तर उलटंच होतं. दुकानात जुळणीचा तक्ता असतो, तो मागा. आट्यांची लांबीही तीच हवी. लांब प्लग पिस्टनला धडकू शकतो. एनजीकेच्या नावात आर असेल तर तो रेझिस्टरचा.

१६. फवारणीचा पंप चालू होत नाही. बहार धरलाय, उद्या फवारणी आहे.

आधी स्टॉप स्विचची वायर सोडवा. ठिणगी आली तर स्विच शॉर्ट आहे, आणि फवारणीच्या पाण्यानं, औषधानं तो नेहमीच खराब होतो. नाही आली तर फ्लायव्हील (इंजिनाचं चुंबक बसवलेलं जड चाक) उघडून चुंबकावरचा गंज पुसा. कॉइल आणि फ्लायव्हील यांत जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी, ०.३ ते ०.४ मिलिमीटर फट ठेवा. ठिणगी चांगली असून पंप उलटा झटका देत असेल तर फ्लायव्हीलची चावी (चाक दांड्यावर जागच्या जागी धरणारा लोखंडी तुकडा) कापली गेली असेल. टायमिंग त्यानं सरकतं.

प्लग काळा, चिकट असेल तर ऑइलचं माप बघा. टू-स्ट्रोक पंपात १:५० म्हणजे लिटरला २० मिलि, १:४० म्हणजे २५, १:२५ म्हणजे ४०. अंदाजानं टोपणभर ओतू नका, टाकीवर लिहिलेलं माप पाळा. बहार संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवा; इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं आणि पुढच्या बहाराला पंप त्यावरच अडतो.

१७. ट्रॅक्टरचा स्पार्क प्लग कुठं असतो?

डिझेल इंजिनाला तो नसतोच. तिथं दाबानं तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. काही डिझेल गाड्यांत दिसतो तो ग्लो प्लग; तो थंडीत आत ऊब देतो, ठिणगी पाडत नाही.

१८. इरिडियम प्लग घ्यावा का? किती किलोमीटरला बदलायचा?

मोटारसायकलचा साधा प्लग दहा-बारा हजारांच्या आसपास बदलणं शहाणपणाचं. इरिडियम कित्येक पटींनी टिकतो, कारण निकेल १४५५ अंशांना वितळतं आणि इरिडियम २४४६ ला. कंपनीनंच तो दिला असेल तर तोच टाका. साध्या गाडीत घालून ॲव्हरेज वाढेल या आशेनं घेऊ नका. ऑइल जळणाऱ्या इंजिनात तर तोही तितक्याच लवकर काळा होतो.

१९. नवीन प्लग किती घट्ट करायचा? माझ्या गाडीचे आटे गेलेत.

पाना बाजूला ठेवून आधी हातानं फिरवा, वायसर टेकेपर्यंत. हातानं जात नसेल तर तिरका लागलाय. काढा, परत लावा. टेकल्यावर नवीन वायसर असेल तर पान्यानं अर्धा फेरा, फार तर त्याहून थोडा जास्त. वापरलेला प्लग परत बसवत असाल तर घड्याळाच्या काट्याचं एक तासाचं अंतर पुरे. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (स्प्रिंगसारखे नवे आटे) बसवून घ्या. टेफ्लॉन टेप किंवा एमसील लावून ढकलू नका, ते कॉम्प्रेशनसमोर टिकत नाही.

२०. प्लग बदलल्यापासून डिजिटल मीटर उड्या मारायलंय. वायरिंग बिघडलं का?

बहुधा आर नसलेला प्लग बसला आहे. रेझिस्टर नसला की प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओसारख्या लहरी सुटतात आणि त्या मीटरला, कधी ईसीयूलाही गोंधळात टाकतात. पुस्तकातला नंबर घाला. कॅपमधला रेझिस्टर गेला म्हणून कुणी आत तार घालून दिली असेल तरी हेच होतं.

२१. प्लगच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर, लोखंडाच्या अगदी वर, तपकिरी पट्टा आलाय. गॅस लीक आहे का?

नाही. जास्त व्होल्टमुळे हवेतले तेलाचे कण त्या जागी ओढले जातात आणि चिकटतात. हा डाग निरुपद्रवी आहे, त्यासाठी प्लग फेकू नका. मात्र वरून खाली जाणारी काळी, केसासारखी रेघ असेल तर गोष्ट वेगळी. वीज आतून न जाता बाहेरून घसरत होती. तसाच माग कॅपच्या आतही सापडेल, दोन्ही एकदम बदला. एकच बदललं तर उरलेला माग नव्यालाही नासवतो.

२२. तीन प्लग बदलले. दोन दिवस बरी चालते, परत काळा. आता काय?

चौथा प्लग घेऊ नका. काळा कोरडा आहे की चिकट, ते प्रश्न ६ वरून ठरवा. कोरडा असेल तर एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. कारखान्याच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरवर रुईचा थर बसतो, वरून झटकून तो निघत नाही.

चिकट असेल तर धुराकडे बघा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दिल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्हची सील. ॲक्सिलरेटर दिलेला असताना सतत येत असेल तर रिंगा. कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा बराच वाढला तर रिंगाच. गाडी माझ्याकडे आणायची असेल तर काढलेले तिन्ही प्लग पुसू नका, कागदात गुंडाळून तसेच घेऊन या.